गुळव्या अण्णांचे थेंब

गुळाचा पाक झाला की नाही हे ओळखायला बाकीचे गुळवे काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत, डोकावत. पळी उचलून तार बघत, चिमूटभर पाक गार पाण्यात टाकून त्याची गोळी वळत. अण्णा मात्र काहिलीकडे पाठ करून उभे राहत. डोळे मिटलेले, हात पाठीशी बांधलेले, डोक्याला घामानं काळवंडलेला रुमाल. गुऱ्हाळातली माणसं बोलायची थांबत. मग मान न वळवता ते एवढंच म्हणत, "उतरवा." माणसं काहिलीच्या कड्यांत दांडकी घालून धावत. त्यांचा 'उतरवा' कधी चुकला, असं ऐकलं नाही. "डोळ्याला वाफ फशिवती," ते म्हणायचे. "नाकाला न्हाय फशिवता येत."

हे नाक मी फसवायला गेलो. त्याची ही हकीकत आहे. मी मुळात कमी बोलणारा माणूस. सरकारी दवाखान्यात औषधं कालवण्यात जन्म गेला, आणि त्या कामात बोलावं कमीच लागतं. हे तर मी घरातही कधी बोललो नाही.

कोल्हापुरात महाराज गादीवर येऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. नव्या पेठेत गुळाच्या वखारी उठत होत्या आणि त्यांच्या मागच्या बोळात अण्णांचं दोन खणी घर होतं. घरात ते आणि त्यांच्या पत्नी, अक्का. जातीनं जैन, सूर्य मावळला की पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायचे नाहीत. पाणी प्यायचं ते दुहेरी फडक्यातून गाळून. काहिलीखालच्या चुलाणाजवळ मुंगळ्यांची रांग लागली तर हा दांडगा माणूस उकिडवा बसून हळूहळू फुंकर घालत त्यांना बाजूला करायचा. जाळ घालणारा ओरडायचा, "अण्णा, मुंगळं ऱ्हाऊ द्यात, हितं जाळ चाललाय!" अण्णा म्हणायचे, "तुझा जाळ जरा थांबंल. त्यांचा जीव न्हाय थांबायचा."

दवाखान्यात ते पहिल्यांदा आले ते माघात. ओट्यावर बसले, धोतर वर केलं आणि नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला.

"बघा कंपौंडर," म्हणाले, "कच्च्या गुळात बोट रुतावं तसं रुततंय. उतरवायची घाई झाली वाटतं देवाला."

हसता हसता त्यांना दम लागला. अक्कांनी बाकीचं सांगितलं. महिन्याभरात आडवं झोपणं बंद झालं होतं; तक्क्याला टेकून बसूनच डोळा लागायचा. आडवं झालं की छातीत पाणी चढल्यासारखं होऊन ते धडपडत उठून बसत.

आमचे डॉक्टरसाहेब सावकाश बोलणारे. त्यांनी छातीला नळी लावली, मानेच्या फुगलेल्या शिरा बघितल्या आणि म्हणाले, "अण्णा, तुमचं हृदय थकलं आहे. रक्त पुढं ढकलायचा जोर त्याला राहिला नाही. म्हणून पाणी मागं साचतं. पायात साचतं, फुफ्फुसात साचतं."

अण्णा म्हणाले, "म्हंजे मोटंचा बैल थकलाय. मोट अर्धीच वर येती, आन् पाणी हिरीतच तुंबतंय."

डॉक्टर थक्क झाले. "अगदी तेच."

"मग बैल बदला की!"

"बैल बदलता येत नाही. एक विलायती पान आहे, डिजिटालिस. त्यानं बैल सावकाश चालतो, पण दमदार पावलं टाकतो, आणि मोट भरून वर येते. मीठ बंद करायचं, कारण मीठ पाण्याला धरून ठेवतं. चढ चढायचा नाही. आणि रोज सकाळी वजन करायचं. वजन एकाएकी वाढलं तर ते मांस नव्हे, पाणी. लगेच मला कळवायचं."

मिठाचं ऐकून मी मनात म्हटलं, कोल्हापूरच्या माणसाला हे सांगणं म्हणजे श्वास घेऊ नको म्हणण्यासारखं. पण अण्णा म्हणाले, "आमच्यात आयतवारी मीठ सोडत्यातच. आता साती वार आयतवार, एवढंच." आणि खरोखरच त्यांनी ते पाळलं. अक्काही त्यांच्याबरोबर अळणी जेवू लागल्या. एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, "त्येंच्या म्होरं बसून खारट खाऊ व्हय? घास उतरंल का?"

आता माझ्या औषध द्यायच्या खिडकीपाशी काय झालं ते लिहितो.

त्या पानाचं औषध दोन तऱ्हेनं देता येतं. एक म्हणजे अर्क. पानं स्पिरिटमध्ये, म्हणजे शुद्ध दारूतच, मुरवून काढलेला. तो मुंबईहून तयार बाटलीत येई, महिनोन्‌महिने टिके, थेंब मोजून पाण्यात टाकले की काम झालं. दुसरा फांट. वाळल्या पानांची भुकटी वजन करून घ्यायची, तिच्यावर उकळतं पाणी ओतायचं, पाव तास झाकून ठेवायचं, गाळायचं. हा फांट दुसऱ्या दिवशी नासतो, म्हणून रोज ताजा करावा लागतो. डॉक्टरसाहेबांनी चिठ्ठीवर फक्त पानाचं नाव आणि मात्रा लिहिली होती. कसं द्यायचं ते माझ्यावर सोडलं होतं.

मी अर्काची बाटली भरली. अण्णांनी ती हातात घेऊन विचारलं, "ह्यात मध न्हाय न्हवं?"

"नाही."

"दारू न्हाय न्हवं? आमाला चालत न्हाय. जीव गेला तरी न्हाय चालत."

खिडकीपुढं तीस-चाळीस माणसं उभी होती. कुणाचं पोर रडत होतं, शेगडी विझलेली होती, कोळसे आणायला कुणी नव्हतं. फांट करायचा म्हणजे रोज पाऊण तासाचं काम. एका माणसासाठी.

"नाही," मी म्हणालो.

वास झाकावा म्हणून मी त्यात दालचिनीचं पाणी आधीच घातलं होतं. अण्णांनी बूच काढून हुंगलं. बराच वेळ हुंगलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

"दालचिनी हाय," म्हणाले, आणि बाटली कोपरीच्या खिशात ठेवली.

त्या थेंबांनी चमत्कार केला, हेही लिहिलं पाहिजे. आठवड्यात लघवी सुटली, पाय उतरले, अण्णा एका उशीवर झोपू लागले. रोज सकाळी ते वखारीत जाऊन गुळाच्या काट्यावर बसत. एका पारड्यात वजनं आणि दुसऱ्यात मांडी घालून अण्णा. हमाल ओरडायचे, "अण्णाची ढेप आज चढली का उतरली?" तोलणारा म्हणायचा, "दोन शेर उतरली!" आणि सगळी वखार हसायची. अण्णा पारड्यातून पाय खाली टाकत म्हणायचे, "हसा लेको. तुमच्या ढेपंला रोज कोण इचारतंय का, कशी हाईस म्हणून?"

चैत्रात एकदा ते पोट धरून आले. मळमळत होतं, आणि सगळं पिवळं दिसत होतं. "भिंत पिवळी, अक्का पिवळी, तुमी बी पिवळं. समदं जग गुळाचं केलंय कुणीतरी!" डॉक्टरसाहेब हसले नाहीत. नाडी बघून ते म्हणाले, "पान जास्त झालं की असं होतं. याच्या पुढं गेलं तर बैल चालता चालता उभाच राहील." चार दिवस थेंब बंद ठेवले, मग कमी करून पुन्हा सुरू केले. तेव्हापासून अण्णा प्रत्येक भेटीत मला सांगायचे, "कंपौंडर, आज तुमी सावळं दिसतासा. औषध बराबर हाय."

ते माझ्याशी असं बोलत आणि मी बाटली भरत असे. सात महिने.

भाद्रपदात जैनांचं दहा दिवसांचं पर्व असतं. ते संपलं की क्षमावाणीचा दिवस. त्या दिवशी माणूस माणसाच्या दारी जाऊन हात जोडतो, वर्षभरात जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा असावी म्हणतो, आणि समोरचाही तेच म्हणतो. त्या सकाळी अण्णा दवाखान्यात आले. औषधाचा दिवस नव्हता. वाटेत तीन ठिकाणी बसत आले होते. खिडकीशी येऊन त्यांनी हात जोडले.

"कंपौंडर, जाणता-अजाणता काय चुकलं असंल तर क्षमा असावी."

"अहो अण्णा, तुमचं काय चुकणार?" मी म्हणालो. मग रीत आठवून हात जोडले. "माझंही काही चुकलं असेल तर क्षमा करा."

ते गेले नाहीत. खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले. "आनखी काय बोलायचं हाय का?"

काचेच्या कपाटात त्यांची बाटली माझ्या पाठीमागेच होती. मी म्हणालो, "नाही. काही नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि सावकाश पायऱ्या उतरून गेले.

त्यानंतर बाटली न्यायला ते स्वतः आले नाहीत, अक्का येत. कार्तिकात वखारीतला तोलणारा धावत आला. अण्णा तीन दिवसांत सहा शेर चढले होते, आणि आज काट्यावर बसल्यावर त्यांना उठवत नव्हतं. डॉक्टरसाहेब गावाला गेले होते. मी नवी बाटली घेऊन अण्णांच्या घरी गेलो.

अण्णा तक्क्याला टेकून बसले होते. ओठ निळसर, पाय घागरीसारखे. बाटली ठेवायला मी कोनाड्याकडे वळलो, आणि तिथं चार बाटल्या ओळीनं उभ्या दिसल्या. काठोकाठ भरलेल्या. बुचावरचा दोरासुद्धा सुटला नव्हता.

"भादव्यापासनं घेत न्हाईत," अक्का म्हणाल्या. "मला म्हणलं, आणत जा. कंपौंडरला वाईट वाटायला नको."

मी खाली बसलो. अण्णांना एका वाक्याला दोनदा थांबावं लागत होतं, तरी ते बोलले.

"दारू मी पयल्याच दिशी वळखली."

"मग घेतलीत कशी?"

"तुमी न्हाय म्हणालासा. म्हणलं, माझं नाक म्हातारं झालं असंल. माणसाच्या शब्दावर घेतली. म्हणलं, तसं असंल तर कवातरी सांगतील. क्षमावाणीला त्येच्यासाठीच आलतो."

चूल पेटलेली होती, तिच्यावर पाणी उकळत होतं. त्या भांड्याकडे बघत अण्णांनी विचारलं, "ती पानं पाण्यात न्हाय व्हय उतरत?"

"उतरतात."

"मग?"

"रोज ताजं करावं लागतं, अण्णा. काम असतं."

ते माझ्याकडे बघून हसले. खोकला आला, अक्कांनी पाठीवर हात फिरवला, आणि खोकला थांबल्यावर म्हणाले, "एवढंच व्हय? मला वाटलं दुसरा इलाजच न्हवता, म्हणून बिचाऱ्यानं खोटं सांगितलं."

आयुष्यात मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. वरिष्ठ बोलले, रोगी बोलले. पण इतक्या मायेनं मला कुणी मारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी दवाखाना उघडण्याआधी पानांची भुकटी पुडीत तोलून घेऊन जाऊ लागलो. फांट त्यांच्याच चुलीवर करायचा, त्यांच्याच दुहेरी फडक्यातून गाळायचा. मी घड्याळ काढून पाव तास मोजायचो. अण्णा भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून बसायचे. घड्याळात पाव तास भरायला आला की त्यांचा आवाज यायचा, "उतरवा." एकदाही माझ्या घड्याळाच्या मागं-पुढं झालं नाही. पहिल्या दिवशी गाळलेला फांट त्यांनी हुंगला आणि म्हणाले, "आता ह्यो खरा वास. कडू हाय, पर खरा हाय."

सूज उतरली, पण पहिल्यासारखी नाही. डॉक्टरसाहेब परत आल्यावर म्हणाले, "मधले दोन महिने औषध चुकलेलं दिसतंय. एकदा बसलेला बैल उठला तरी त्याच्यात ती ताकद येत नाही." का चुकलं, हे त्यांनी अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, "माझंच चुकलं साहेब, कटाळा केला." मी तिथंच उभा होतो. कंटाळा कुणी केला होता ते मला ठाऊक होतं. तेव्हाही गप्प राहिलो.

पौषात त्यांनी हट्ट धरला म्हणून त्यांना बैलगाडीत घालून नदीकाठच्या गुऱ्हाळावर नेलं. काहिलीकडे पाठ करून ते खाटेवर बसले, आणि त्यांच्या 'उतरवा'वर माणसं धावली. तो गूळ बघायला लोक आले होते. केशरासारखा उतरला होता. फाल्गुनात, हंगाम सरताना, एका सकाळी मी पुडी घेऊन गेलो तेव्हा चूल पेटलेली नव्हती. अक्का दारातच बसल्या होत्या. अण्णा पहाटे बसल्या जागीच गेले होते. मी पुडी तशीच हातात धरून उभा राहिलो.

त्या चार महिन्यांत, रोज एका चुलीशी बसूनही, मी त्यांना 'माझं चुकलं' असं म्हणालो नाही. फांट करून देणं हेच म्हणणं आहे, अशी मी माझी समजूत घातली होती.

पुढच्या क्षमावाणीला मी आपण होऊन अक्कांकडे गेलो. हात जोडले आणि रीतीप्रमाणे म्हणालो, "अक्का, जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा असावी."

अक्कांनी माझ्यापुढं पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा ठेवला. मग म्हणाल्या, "त्यातलं अजाणता तेवढं सोडा की कंपौंडर, आन् परत म्हणा."

मला म्हणता आलं नाही. पाणी प्यालो आणि उठलो. पुढं त्या माहेरी नेसरीकडं गेल्या आणि तिकडंच वारल्याचं कळलं.

आता खिडकीशी कुणी विचारलं, "ह्यात काय हाय?" तर मी सगळं सांगतो. पुष्कळजण ऐकून घेऊन जातात. एखादा नको म्हणतो, त्याच्यासाठी शेगडी पेटवतो. पाव तास भरेपर्यंत माझं लक्ष घड्याळावर असतं. मला वासावरून अजून काही कळत नाही.

अक्कांनी सांगितलेलं तेवढं राहिलं होतं. ते लिहून टाकतो.

अण्णा, जाणता चुकलो. क्षमा असावी.