एका बाजेपुरतं छत

कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी लागली की मी वर्ध्याला दादाबरोबर कारखान्यात जातो. कारखाना म्हणजे टिनाचं एक लांब शेड. तिथे ट्रकच्या बॉड्या बांधतात, टपावर कॅरियर बसवतात, मागे शिड्या लावतात. माझा मोठा भाऊ तिथे फिटर आहे. मॅट्रिकच्या पुढे गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. त्यामुळे मला कामावर नेताना दादाला वाईट वाटतं, आणि त्याला एकट्याला जाऊ दिलं तर मला. आम्ही हे एकमेकांजवळ कधी बोललेलो नाही. मे महिन्यात टिन तापलं की दुपारपर्यंत बोलण्याइतकं त्राणही उरत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एक म्हातारे गृहस्थ त्यांची गाडी घेऊन आले. लष्करी लिलावात घेतलेली जुनी अँब्युलन्स होती ती. तिच्यातून ते आठवडी बाजारांना कापड विकायला जात. आता दुकान मुलं पाहत होती आणि गाडी उभीच असे. सगळे त्यांना काकाजी म्हणत.

"टपावर पाण्याची टाकी पायजे," काकाजी म्हणाले. "तोटी खालून हाताला येईन अशी. मागं शिडी. शिगडी-कोळशाची पेटी बाहेरून. अन् बाजूनं ताडपत्रीचं छत, एक बाज मावन एवढं."

"काकाजी, शिकारीले चालले का?" दादाने विचारलं.

"लेकीकडं."

दादा हसला नाही. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी घेत नाही. आमचे वडीलही माझ्या बहिणीला भेटायला नाचणगावला जात, अंगणात उभ्यानेच बोलत आणि पुलगाव स्टेशनच्या नळावर येऊन ओंजळीने पाणी पीत. तिला मुलगा झाला त्या दिवशी ते तिच्या घरी सलग दोन गडवे पाणी प्यायले होते.

काकाजींची एकुलती एक लेक कारंजाला दिलेली होती. तिला मूल नव्हतं. हिवाळ्यापासून ती पाठीच्या मणक्याच्या आजाराने अंथरुणाला खिळली होती, पाठीला प्लास्टर होतं. मोटारीचे हादरे तिला चालणार नव्हते, म्हणून माहेरी आणता येत नव्हतं. जावई दिवसभर कचेरीत आणि सासू थकलेली. काकाजींना लेकीजवळ राहायचं होतं, पण तिच्या घरचा थेंबही न घेता. म्हणून गाडीलाच घर करायचं त्यांनी ठरवलं होतं.

काम सोपं वाटलं होतं, पण संपेना. टाकीचं वजन टपाला झेपेना, म्हणून आतून लोखंडी पट्ट्या द्याव्या लागल्या. मी टपावर उकिडवा बसून हाताचं ड्रिल फिरवायचो. पत्रा इतका तापलेला असे की गुडघ्याखाली ओलं पोतं घ्यावं लागे, आणि ते घटकाभरात वाळे.

"साहेब, भोक पाडून राह्यले का झोपून राह्यले?" दादा खालून विचारायचा.

"पाडून राह्यलो."

"मंग आवाज काऊन येत नाई?"

काकाजी रोज येत आणि रोज काहीतरी बदलायला सांगत. तोटी उंच झाली, पेटी उलट्या बाजूला हवी. आम्ही बसवलेलं काढायचो, काढलेलं बसवायचो. छतासाठी त्यांनी बाजारात लावायची स्वतःची जुनी ताडपत्री आणून दिली. छत बसलं त्या दिवशी त्यांनी घरची बाज गड्याच्या डोक्यावरून मागवली, छताखाली टाकली आणि स्वतः तिच्यावर पाय ताणून निजले. उन्हाची तिरीप पायावर येत होती. "अजून वीतभर वाढवा," ते निजल्या निजल्या म्हणाले. "तिची उंची माह्याएवढीच हाय." दादाने माझ्याकडे पाहिलं. आम्ही पुन्हा पाने हातात घेतले.

रस्त्यात टाकी हलली तर काय, म्हणून आम्हालाही त्यांनी बरोबर घेतलं. दादाने गाडी चालवली. आर्वीवरून कारंजाला पोचेपर्यंत दुपार झाली होती. डोक्यावर टाकीतलं पाणी सारखं डचमळत होतं. मला वाटत होतं, एकदाचं छत उघडून द्यावं आणि मिळेल त्या बसने परतावं.

लेकीचं घर एका अरुंद गल्लीत होतं. अंगणाला कुंपण नव्हतं, फक्त कडेने दगडांची एक ओळ होती. दादाने गाडी समोरच्या भिंतीला खेटून लावली. मी छताची गुंडाळी सोडली, बाहेरच्या कडेचे दोन लोखंडी नळ्यांचे पाय खाली केले. दोन्ही पाय दगडांच्या ओळीपलीकडे, अंगणात पडले.

"हे नाई चालणार," काकाजी म्हणाले.

"काऊन?"

"पाय त्यायच्या अंगणात येऊन राह्यले. मंग म्या त्यायच्याच घरी बिऱ्हाड केल्यासारखं होते."

दादाने गळ्यातल्या दुपट्ट्याने तोंड पुसलं. "काकाजी, गाडी मोजली, बाज मोजली. गल्ली काऊन नाई मोजली?"

"गल्ली अशी हाय हे ध्यानातच नोयतं," काकाजी म्हणाले. "इथं कधी बसलोच नाई मी. उभ्या उभ्या येतो अन् जातो."

आतून लेकीचा आवाज आला. "बाबा, आले का? मले इथून नुसतं चाक दिसून राह्यलं."

"आलो, बाई. थांब जराशी."

दादा गाडीच्या चाकाला टेकून बसला. तो इतका दमला होता की आता "परत नेऊ" म्हणेल असं मला वाटलं. काकाजी त्याच्याकडेच पाहत होते. मग तो उठला. "पाय काढ," मला म्हणाला. "जमिनीवर टेकवायचेच नाई. गाडीच्या कुशीतून तिरपे वर नेऊ."

म्हणजे पुन्हा नवी भोकं. मी गल्लीतल्या धुळीत एका कुशीवर पडून ड्रिल फिरवू लागलो.

काकाजींना अजून शंका होती. "पण मिस्त्री, सावली तं त्यायच्याच अंगणात पडन ना?"

"पडू द्या. सावलीले पाणी लागत नाई, काकाजी."

तेवढ्यात लेकीच्या सासूबाई तीन पेले पाणी घेऊन बाहेर आल्या. दादाने आणि मी एका दमात पेले रिकामे केले. तिसरा पेला त्यांनी दगडांच्या ओळीवर ठेवला.

"व्याहीबुवा, टाकी संपल्यावर कुठून भरसान?"

"गावच्या विहिरीवरून."

"आमचंबी पाणी तिथूनच येते."

"विहीर गावची हाय, विहीणबाई."

"अन् मी कोणत्या गावची हावो?" त्या म्हणाल्या. काकाजींच्या मिशा हलल्या. विहीणबाईंनी पेला उचलला आणि स्वतःच पिऊन टाकला. "बरं झालं आले," मग त्या हळूच म्हणाल्या. "माह्यानं एकटीनं तिले कूस पालटवनं होत नाई आता."

ऊन उतरता उतरता छत उभं राहिलं. दोन्ही नळ्या गाडीच्या कुशीतून वर जाऊन ताडपत्री उचलून धरत होत्या, आणि जमीन मोकळी होती. मग आम्ही दोघांनी लेकीची बाज तिच्यासकट उचलून अंगणात आणली. काकाजी "हळू, हळू" म्हणत गल्लीतूनच हात पुढे करत होते. बाज छताखाली बरोबर बसली, अगदी तिच्या पायांपर्यंत.

ती बराच वेळ वर पाहत राहिली. "बाबा, हे तं आपलं बाजारातलं पाल हाय. याच्याखाली मी निजत जावो."

"हो."

"पाणी द्या ना."

काकाजींनी तोटी सोडली. दिवसभर उन्हात तापलेलं पाणी होतं ते. त्यांनी पेल्याला हात लावून पाहिला. "गरम हाय, बाई."

"राहू द्या. तुमच्या घरचं हाय ना."

आम्ही हत्यारं पोत्यात भरली. विहीणबाई जेवून जा म्हणत होत्या, पण बस चुकली असती. कोपऱ्यावरून मी एकदा मागे पाहिलं. काकाजी गाडीच्या पायरीवर बसून लेकीला वारा घालत होते. त्यांचे पाय गल्लीत होते, आणि पंखा धरलेला हात दगडांच्या ओळीवरून पार अंगणात गेला होता. ते त्यांच्या ध्यानात आलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

हमरस्त्यावर ट्रकांची धूळ खात आम्ही बसची वाट पाहत बसलो. दादा पोत्याला टेकून डोळे मिटून होता. मला वाटलं झोपला असेल.

"त्या नळ्या टिकतीन ना रे?" त्याने डोळे न उघडताच विचारलं.

"टिकतीन," मी म्हणालो.