नानांचा एकादशीचा पुडा

ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या सरोजिनीबाईंचा उपासाचा बटाटा चिवडा म्हणजे डोळे झाकून घ्यावा असा. शेंगदाण्याच्या तेलाशिवाय त्यांनी कधी कढई चढवली नाही, आणि हे त्या आल्यागेल्याला ऐकवतही. गल्लीच्या टोकाला राहणारे निवृत्त मास्तर नाना एकतीस वर्षं एकादशी करत होते. त्या दिवशी खायचे ते फक्त बाईंचा चिवडा.

मग युक्रेनात लढाई पेटली. तिथलं सूर्यफुलाचं तेल बंदरांतच अडकलं, तशी बाकीच्या तेलांवर झुंबड उडाली आणि शेंगदाण्याचा डबा बाईंच्या आवाक्याबाहेर गेला. कुठली लढाई आणि कुठली ही कढई! चिवडा महाग करावा तर गिऱ्हाईक तुटणार. बाईंनी मन घट्ट केलं आणि गुपचूप अर्धं सोयाबीनचं तेल मिसळलं. उपासाला सोयाबीन चालत नाही, हे त्यांना का कोणी सांगायला हवं होतं?

कोणी काही बोललं नाही. नानाही दर एकादशीला हसत पुडा घेत. पुढच्या खेपेला सांगू, पुढच्या खेपेला सांगू, असं करत बाईंनी सहा एकादश्या घालवल्या. 

आषाढात भाव उतरले. बाईंनी निव्वळ शेंगदाण्याच्या तेलात चिवडा तळला आणि एकादशीच्या सकाळी पुडा घेऊन स्वतः नानांकडे गेल्या.

"नाना, माह्या हातून चूक झाली. मधल्या सगळ्या पुड्यांत सोयाबीनचं तेल होतं."

"मले मालूम आहे," नाना म्हणाले. "पहिलाच घास घेतला अन् समजलं."

"मग बोलले काहून नाही?"

"तू सांगशील म्हणून वाट पाहून राहिलो होतो."

नानांची हिंदीभाषक सून पूर्णिमा दारात उभी होती. तिनं फळीवरचा डबा काढून उघडला. आत सहा पुडे होते, त्यातला एकच फोडलेला. "आंटी, बाबा दिनभर पानी पर रहते थे. हमको भी बोलने नहीं दिया."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंच्याहत्तरीच्या माणसाला आपण उपाशी ठेवलं. लढाईवर तरी किती खापर फोडायचं? त्यांनी ताजा पुडा पुढे केला. "आजचा शुद्ध शेंगदाण्याचा आहे, नाना. देवाशपथ."

"असंल ना." नानांनी पुडा घेतला, नेहमीसारखे हसले, आणि न उघडताच डब्यात ठेवून दिला. "आता पाण्याचीच सवय झाली, सरोजिनी."