प्रेमलताची पसंती

नागपुरात, महालातल्या आमच्या गल्लीत कोणाच्या घरी लग्न ठरलं, की मुलीची आई आधी प्रेमलताकडे यायची. रुखवत करावं तर तिनंच. मोत्यांचा हंस, शिंपल्यांचं तुळशीवृंदावन, तांदळाचे दाणे एकेक चिकटवून केलेला घोड्यांचा रथ. मांडवात या वस्तू मांडल्या, की वरपक्षाच्या बायका नवरीला सोडून त्यांच्याभोवती गोळा होत. प्रेमलता तेव्हा मागे खांबाशी उभी असे. आपलं नाव निघतं का, याकडे तिचं लक्ष नसायचं. कोणी हात तर लावत नाही ना, एवढंच ती पाहायची.

तिचं स्वतःचं रुखवत भंडाऱ्याला सासरीच राहिलं होतं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नवरा तापानं गेला आणि ती भावाकडे परतली. भाऊ मधुकरराव कापडगिरणीच्या कचेरीत होते. बहिणीवर त्यांचा जीव होता, हे मी आजही नाकारणार नाही. भावजय शोभाताई बोलायला तिखट, पण प्रेमलताच्या ताटात कधी शिळं पडलं नाही. मी शाळेत शिकवायची; त्यांची मुलगी चारुशीला माझ्याच वर्गात होती. अभ्यासात बरी, हातानं मात्र अशी, की झंपरचं बटण लावायलाही तिला आत्या लागायची.

लोकांसाठी करता करता प्रेमलतानं काही वस्तू स्वतःसाठी केल्या होत्या. सगळ्यात चांगल्या त्याच. त्या बिस्किटांच्या डब्यांत, तिच्या पलंगाखाली असत. एका पावसाळ्यात रथाच्या घोड्यांना किडे लागले. ती डबा मांडीवर घेऊन रडत बसली, तेव्हा मधुकरराव म्हणाले, “प्रेमा, रडू नको. तुले एक काचेचं कपाट घेऊन देतो. तुझ्या खोलीत ठेव. पसंत तूच कर.”

ते वाक्य तिनं त्या डब्यांसारखंच जपून ठेवलं.

चौऱ्याहत्तर सालच्या थंडीत एका रविवारी तो योग आला. मलाही तिनं बरोबर घेतलं. “बाई, तुम्ही चला. दादा घाई करते.” नत्थू कबाड्याच्या शेडमध्ये सिव्हिल लाइन्सच्या रिकाम्या झालेल्या बंगल्यांतलं सामान उतरलेलं असे. पलंग, आरसे, शिंगांच्या खुंट्या, आणि त्यांच्यामागे भिंतीला टेकून कपाटं.

मधुकररावांना पहिलंच आवडलं. वर कोरीव मुकुट, खाली सिंहाचे पाय.

“लाटसाहेबाच्या बंगल्यातलं आहे, बाईसाहेब,” नत्थू म्हणाला.

प्रेमलतानं दार उघडून आत डोकं घातलं. “लाटसाहेब एवढ्याशा खणात काय ठेवे गा? अंडे?”

मागची फळी तिनं बोटानं वाजवली. समोरून सागवान आणि मागून खोक्याचं लाकूड होतं. दुसरं एका दवाखान्यातलं होतं. ते चांगलं भक्कम होतं, पण दार उघडलं की औषधांचा वास यायचा. “यात माझे घोडे शिंकतील,” म्हणून तिनं ते बंद केलं.

तिसरं तिनं स्वतःच शोधलं. पलंगांच्या मागे, पोत्याखाली. एका वारलेल्या घड्याळजीच्या दुकानातलं उंच, अरुंद कपाट. तीन बाजूंनी काच. फळ्या वर-खाली सरकवता येत होत्या, आणि दाराच्या कडेला आतून मखमलीची पट्टी होती, घड्याळांत धूळ जाऊ नये म्हणून. तिनं विती लावून पाहिल्या. हंस इथे, वृंदावन इथे, रथ खाली. मग ती समोर उभी राहिली आणि मान हळूच डावीकडून उजवीकडे नेली.

“बाई, इकडे या. अशी मान हलवा.”

मी हलवली. काचेपलीकडे नत्थूचा पितळी तांब्या होता. तो पाण्यात असावा तसा डुलला.

“जुनी काच आहे,” ती कुजबुजली. “माझा हंस पोहेल यात.”

मधुकरराव हसले. “कपाट घेऊन राहिली का तळं?”

“तळंच समज गा दादा!”

इतकी मोठ्यानं हसलेली ती मी त्याआधी पाहिली नव्हती.

कपाट पॉलिशसाठी नत्थूकडेच राहिलं. मध्यंतरी चारुशीलाचं लग्न ठरलं. मुलगा कोराडीच्या वीज केंद्रात, क्वार्टर मिळालेलं. घरात चुना लावायचं काम निघालं, त्यामुळे कपाट आलं नाही याचं प्रेमलताला काही वाटलं नाही. मधुकरराव म्हणाले, “लग्नात त्याच कपाटात मांडू तुझ्या वस्तू. सारे पाह्यतील.”

“अन् मंग घरी आणू नं?”

“पाहू नं,” ते म्हणाले.

त्यांनी ‘हो’ म्हटलं नव्हतं, हे तिला नंतर आठवलं.

लग्नाच्या सकाळी कपाट नत्थूकडून थेट मंगल कार्यालयात आलं. प्रेमलतानं काच पुसली, डबे उघडले, एकेक वस्तू ठरल्या जागी ठेवली. कुलूप लावून चावी पदराला बांधली आणि लुगडं बदलायला गेली. परत आली तर कपाटावर रंगीत कागद लागला होता. त्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं: चि. सौ. कां. चारुशीला हिने स्वहस्ते तयार केले.

ती वाचत असतानाच शोभाताई आल्या. “वन्सं, चावी द्या. पोरीच्या सामानात ठेवतो.”

“कपाटाची?”

“मंग? तिच्या सासरी रिकाम्या भिंती दाखवाच्या का?”

प्रेमलतानं भावाकडे पाहिलं. मधुकरराव दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांचा फेटा बांधून झाला होता. तरी ते तो पुन्हा चाचपू लागले.

तेवढ्यात वरपक्षाच्या बायका आल्याच. पुढे मुलाची मावशी रंभाबाई, कळमेश्वरकडची, मोठ्या आवाजाची. तिनं काचेला नाक लावलं. “अवं माय! नवरीच्या बोटात जादू हाय वं! पन पोरी, आमच्या घरी पोळ्या लाटा लागन, हंस नाही चालत!”

सगळ्या हसल्या. चारुशीलाही हसली, मुंडावळ्या सावरत.

“सांग नं वं, हे मान कशी वळवली? मोत्याची मान तं खाली पडते.”

चारुशीलानं आत्याकडे पाहिलं नाही. मेंदीच्या हातांकडे पाहत राहिली. रंभाबाई वाट पाहत होती. शोभाताईंच्या चेहऱ्यावरचा रंग गेला.

“आतून तार आहे,” प्रेमलता म्हणाली. “पहिले तार वळवाची, मंग मोती ओवाचे. मीच शिकवलं तिले.”

तिनं पदराची गाठ सोडली आणि चावी काढली. भावजयीचा हात पुढे आलेला होता. त्याला ओलांडून तिनं ती रंभाबाईच्या तळहातावर ठेवली. “दार जोरात नोका लावू. मखमल निघते.”

पाठवणी झाल्यावर, मंडप सोडायचं काम चालू असताना, ती भावापुढे जाऊन उभी राहिली. मी तिथेच ताटं मोजायला बसले होते.

“दादा, द्याचंच होतं तर तू एकटा जाऊन कोणतंबी आणलं असतं. मले काहून नेलं?”

मधुकरराव खाली पाहत म्हणाले, “तुझी पसंती चांगली असते, प्रेमा. पोरीले चांगलं जावं, असं वाटलं.”

“वस्तू नुसत्या नेल्या असत्या तरी चाललं असतं. पसंती काहून विचारली गा?”

त्यांनी डोक्यावरचा फेटा काढला आणि ते त्याची घडी करू लागले.

ती त्याच घरात राहिली. भांडली नाही, अबोला धरला नाही. फक्त एक झालं. दिवाळीला मधुकरराव दोन लुगडी आणून विचारत, कोणतं घेते? ती म्हणे, “कोणतंही.” भाजी कोणती करू? कोणतीही. मुलींच्या आया रुखवताचं विचारायला येत. त्यांना ती दुसऱ्या बाईचं घर दाखवी. चारुशीला माहेरी आली, की कपाटाबद्दल बोलत नसे, आणि प्रेमलता विचारत नसे.

बऱ्याच वर्षांनी तिला चाळिशीचा चष्मा लागला, तेव्हा मी तिला सीताबर्डीवर चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं चार फ्रेमी काढून ठेवल्या. “पसंत करा, मावशी.”

“कोणतीही दे बाबू.”

तो फ्रेम पुसत होता, तोवर ती त्याच्या काचेच्या कपाटासमोर उभी होती. तिची मान हळूच डावीकडून उजवीकडे गेली. काच नवीन होती. आतले चष्मे जागचे हलले नाहीत. मी पाहते आहे, हे तिच्या लक्षात आलं, आणि तिनं हाताला लागलेली पहिली फ्रेम आरशात न पाहताच डोळ्यांवर चढवली.