सुकेळ्यावर उमटलेले भाव

आमच्या बाबांना लेकरं दोन. एक मी आणि दुसरा त्यांचा तो व्यापारी पेपर. लाड दुसऱ्याचे जास्त व्हायचे, हे मी आजही ठणकावून सांगते.

बाबा फोर्टात कारकून होते. पेपर नवा निघाला तेव्हा कचेरीत सगळे हसले, म्हणे नुसते बाजारभाव वाचणार कोण? बाबांनी पहिल्या अंकापासून घेतला. पुढे शेअरचं वेड आलं आणि तेच हसणारे बाबांच्या टेबलाशी घुटमळू लागले. वसईतल्या आमच्या आळीतही पेपरचा दरारा बसला. केळी आणि पानवेली लावणारी माणसं, पण लावणीआधी ओट्यावर येऊन विचारायची, "पेपर काय म्हणतो?" पेपरात केळ्याचं नावसुद्धा नसायचं! तरी बाबा चष्मा लावून पानं उलटायचे आणि माणसं समाधानाने घरी जायची.

रद्दीवाल्याला फाटकाच्या आत येऊ देत नसत. सगळे अंक पलंगाखाली. आई नुसती कावायची.

मग मला विरारचं स्थळ आलं. मुलगा मास्तर. मी त्याला एका लग्नात पाहिलं होतं आणि मनातून पक्का केला होता. पण त्याचे वडील विड्याच्या पानांचे व्यापारी आणि बोलण्याच्या बाबतीत महाकंजूस. आधीच्या मुली त्यांनी एक अक्षर न बोलता नाकारल्या, असं कानावर आलं होतं.

पाहुण्यांसाठी आईने सुकेळी घातली. सोललेली राजेळी केळी दिवसा उन्हात वाळवायची आणि संध्याकाळी केळीच्या सुक्या पानांत बांधून ठेवायची, ही आमच्याकडची रीत. नेमका अवकाळी पाऊस आला नि पानं भिजली. आईने पलंगाखाली हात घातला, अगदी तळाचे अंक ओढले आणि त्यांत केळी गुंडाळली.

पाहुणे आले. ताटली मीच ठेवली. मुलाच्या वडिलांनी सुकेळं तोंडाशी नेलं आणि थांबले. चिकट केळ्यावर पेपरातली अक्षरं उलटी उमटली होती! आई तोंडाला पदर लावून आत पळाली. झालं, मोडलं लग्न, म्हटलं मी.

"आरसा आहे का?" त्यांनी विचारलं.

आरशात बघून त्यांनी एकेक आकडा वाचला, तारखेपाशी आले आणि ओरडलेच, "अहो, हा तर पहिला अंक! माझ्याकडे पुढचे सगळे आहेत, हाच तेवढा राहिला." मग ते आणि बाबा जे सुरू झाले ते थांबेचनात. चहा गार झाला. उठताना म्हणाले, "मुलगी पसंत. पण अंक द्यावा लागेल हं."

लग्नात मला निरोप देताना बाबा हसत होते. व्याह्यांना अंक देताना मात्र त्यांच्या हातातून तो सुटेना. सगळी आळी हसली. मला असा राग आला! लेकीपेक्षा कागद मोठा?

त्यानंतर बाबा दर रविवारी विरारला यायचे. दारातूनच म्हणायचे, "अंक नीट ठेवलाय ना, बघायला आलो." मी तोंड वाकडं करून तो डागाळलेला अंक त्यांच्या मांडीवर ठेवायची आणि चहा टाकायला जायची. कितीतरी वर्षांनी माझ्या ध्यानात आलं, अंकाची घडी त्यांनी एकदाही उघडली नव्हती. ते आपले स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसायचे.