पाण्याजवळचं काम

आमलीच्या थांब्यावर मी वापीच्या बसची वाट पाहत होतो. शेजारी बसलेल्या बाई धुळ्याकडच्या. बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या आणि सोडायच्या. मी शाळेत विज्ञान शिकवतो हे कळताच त्यांनी विचारलं, "सर, त्या अणुवीज केंद्रात जळतं तरी काय?"

त्यांचा मुलगा गॅसवरच्या वीजकेंद्रात कामाला होता. आता त्याला अणुवीज केंद्रात नोकरी मिळत होती आणि तो आईच्या होकारासाठी अडला होता.

"तिथं काहीच जळत नाही, मावशी. युरेनियमचे अणू फुटतात, त्या उष्णतेनं पाण्याची वाफ होते आणि वाफेच्या जोरावर वीज करणारं चक्र फिरतं. गॅसच्या केंद्रात चक्र फिरवायला गॅस जाळतात, म्हणून धूर होतो. इथं धूर नाही."

"आणि राख?"

"राखेसारखं उरतं. ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावं लागतं."

त्यांच्या प्रश्नांत भीती होती, पण तिच्यापेक्षा कुतूहल जास्त होतं. पदराशी चाललेला चाळा थांबला. "गॅस बंद केला की विझतो. हे विझतं का?"

"अणू फुटणं थांबवता येतं. पण आतली धग लगेच जात नाही. त्यावर पाणी फिरवत राहावं लागतं."

"म्हणजे निखाऱ्यासारखं."

मग त्यांनी मुलाला फोन लावला.

"जाय रे भाऊ, तू जाय. पण तिथं पाण्याजवळचं काम भेटलं तर तेच घे."