आबांच्या परसातली तीन झाडं

गांजाच्या झाडाला कायद्यानं परवानगी द्यावी, असं मी नांदेडच्या आमच्या डॉक्टर मंडळींत म्हटलं की हशा पिकतो. "शिवरात्रीला भेटू, डॉक्टर!" म्हणतात. मीही हसतो. खरं कारण सांगायची हिंमत आजवर झाली नाही, म्हणून इथं लिहितोय.

भूकंपानंतर तीन-चार वर्षांनी मी मुखेडहून लातूरला अकरावीला आलो. क्लासेसचं पेव फुटलं होतं. ज्याच्याकडं पत्रा आणि चार भिंती, तो पोरांना खोल्या देत होता. आमच्या घरमालकीण काकूंचं घर अशा खोल्यांवरच चालायचं. त्यांचे वडील, आबा, गावाकडच्या घराच्या दगडांखालून जिवंत निघाले होते, पण कंबर कायमची गेली. अंगणातल्या बाजेवर पडून ते अंबाडीच्या वाखाचे दोर वळायचे. परसात अंबाडी लावलेली होती आणि तिच्या आडोशाला गांजाची तीन झाडं.

ती मला आबांनीच दाखवली होती, विश्वासानं. "ह्याचा दोर अंबाडीहून चिवट. पाला बैलाच्या पोटफुगीला देत्यात, बी कोंबड्या खात्यात. आन् मला ह्याच्यावर झोप लागती बग." संध्याकाळी पाल्याची वाटाण्याएवढी गोळी ते गुळातून घ्यायचे. तासाभरात कपाळावरच्या आठ्या सैल व्हायच्या. गांजानं वाया गेलेली माणसं मी गावात पाहिली होती. आबा तसे कधी दिसले नाहीत. त्या गोळीनं त्यांना फक्त कूस बदलता यायची.

रविवारी पोरांचे बाप एसटीनं डबे घेऊन यायचे आणि दुसऱ्याच्या पोरांची परीक्षा घ्यायचे. दसऱ्याच्या सुमारास शेजारच्या खोलीतल्या पोराचे वडील आले, भोकरकडचे गुरुजी. परसात हात धुता धुता मला म्हणाले, "सांग बरं, अंबाडीचं कूळ कोणतं?"

"मालव्हेसी," मी म्हणालो. तिथंच थांबायचं होतं. पण शहाणपणा अंगात मावेना. "पन गुरुजी, ती तीन झाडं अंबाडीची न्हाईत. पान चावून बघा, आंबट लागतंय का?"

गुरुजींनी चावलं, थुंकलं आणि काय ते ओळखलं. दुपारपर्यंत सगळे बाप अंगणात जमले. "पोरं डॉक्टर व्हायला ठेवलीत, गंजेडी व्हायला न्हाई!" काकू हात जोडून सांगत होत्या, "माज्या बापाच्या दुखण्याचं हाय ओ, पोरांचा काय संबंध?" कुणी ऐकेना. खोल्या रिकाम्या करू, पोलिसांत जाऊ, म्हणाले. शेवटी काकूंनी स्वतःच झाडं उपटून चुलीत घातली. मी पुस्तकात तोंड खुपसून बसलो.

आज हाडात कॅन्सर उतरलेले पेशंट समोर कण्हतात, तेव्हा मला ती चूल दिसते. नशेचे धोके मला शिकवू नका, बिघडलेली पोरंही माझ्याकडंच येतात. पण जिथं दारूला परवाना मिळतो, तिथं दोर, कापड आणि औषध देणाऱ्या झाडाला नियम घालून परवानगी का देता येऊ नये? आबांच्या उशाखाली डॉक्टरची चिठ्ठी असती, तर मी कितीही अक्कल पाजळली असती तरी त्या झाडांना कुणी हात लावला नसता. असं म्हणून मी माझं पाप सरकारच्या गळ्यात घालतोय, हेही मला कळतं.

कारण पुढचं सरकारनं केलेलं नाही. आबा दिवसभर कण्हायला लागले. दवाखान्याच्या गोळ्यांनी पोट जळायचं, कंबर तशीच. त्या आवाजानं माझा अभ्यास होईना, म्हणून महिन्याभरात मी दुसरीकडं खोली बघितली.

सायकलवर वळकटी बांधली आणि निरोप घ्यायला गेलो. आबांनी माझा हात धरला.

"माज्या कण्हन्यानं तुजा अभ्यास बुडाला, लेकरा. मनात धरू नगंस."

मी म्हणालो, "न्हाई धरत, आबा."