दारातली जागा

दारात माझंच पोस्टर लागेल, हे वदवून घेऊनच मी काम हातात घेतलं होतं. आमच्या रायपूरच्या मराठी मंडळाला गणपतीत जुन्या छपाईचं प्रदर्शन भरवायचं होतं. पोस्टर हवं होतं जुन्या ऑर्केस्ट्राच्या जाहिरातीसारखं, पण जाहिरात गाणाऱ्यांची नाही, एका अक्षराचीच. तसे लाकडी ठसे गावात फक्त माझ्याकडे आहेत. अभनपूरचा छापखाना मोडला तेव्हा मालकाशी भांडभांडून आणलेले.

शाईच्या रुळाला एका टोकाला लाल शाई लावली, दुसऱ्याला पिवळी. मधे आपोआप केशरी उतरली. मधोमध पोट सुटलेला भला थोरला 'क'. गठ्ठाभर छापून मंडळात गेलो, तर टेबलावर तोच 'क' आधीच पडलेला.

माझ्या साडूने केलेला. तेलीबांध्याला त्याचं काचेचं ऑफिस आहे. बोटाला कधी शाई लागली नाही. दिवाळीत माझ्याकडे चहा पिता पिता ठशांचे फोटो काढून गेला होता. कॉम्प्युटरवर त्याने अक्षरांच्या कडा झिजवल्या होत्या, शाई पुसट केली होती. असं पुसट उठू नये म्हणून मी उभा जन्म घालवला.

"एकदम जुनं वाटून राहिलं!" अध्यक्ष म्हणाले.

"मले शब्द दिला होता ना? मग याले काहून सांगितलं?"

"भडकू नका, भैया. पण तुमच्यात खाली एवढी जागा कोरी काहून?"

मी पाहिलं. हात सवयीने चालला होता. ऑर्केस्ट्रा गावोगाव फिरायचा, म्हणून खालची पट्टी आम्ही कोरीच छापायचो. ज्या गावी खेळ, तिथला माणूस ब्रशने ठिकाण आणि वेळ लिहायचा.

"साडूभाऊ, अर्धं काम आमच्यासाठी ठेवलं का?" साडू हसला. त्याचं फ्रेममध्ये गेलं, दारात लागलं.

मग अध्यक्षांच्या लक्षात आलं की प्रदर्शनाची वेळ गावाला कळवायला कोणी काहीच छापलं नाही. माझ्या गठ्ठ्याकडे त्यांची नजर गेली.

"देतो," मी म्हणालो, "पण एक बाहेर फाटकावर लागंन. त्याच्या आधी दिसलं पाहिजे."

कोऱ्या पट्टीत वेळ लिहून माझी पोस्टरं पाऱ्यापाऱ्यात, मोहल्ल्यामोहल्ल्यात लागली, फाटकावरही. लोक माझं वाचूनच आत यायचे. दारात मात्र त्याच्या फ्रेमपाशी थांबून मोबाइल काढायचे. तीन पावलं मागे माझं लटकलेलं. तिकडे वळून एकाने तरी फोटो घ्यावा म्हणून मी संध्याकाळपर्यंत फाटकाशीच खुर्ची टाकून बसलो.